साक्ष आणि मिरवणूक

२०२४ सालच्या डिसेंबर महिन्यात आमच्या धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या अभयारण्यात वन खात्याने झाडाला बांधून ठेवलेल्या कॅमेऱ्यापुढून एक वाघ चालत गेला. जवळपास माणूस नव्हता, बंदूक नव्हती. वाघाच्या हालचालीने कॅमेरा आपोआप जागा झाला आणि छायाचित्र उमटले. आपल्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्या कुणाशी जुळत नाही, तसे एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. त्या पट्ट्यांवरून तज्ज्ञांनी ओळख पटवली, की हा पाहुणा यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या जंगलातला. शेते, रस्ते, नद्या आणि माणसांची गावे ओलांडत तो चारशेहून अधिक किलोमीटर चालून बालाघाटच्या डोंगरात आला होता. येडशी रामलिंग घाट अभयारण्य ते केवढे! जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचे. ज्या भागात कित्येक दशके वाघ केवळ म्हाताऱ्यांच्या गोष्टींतून उरला होता, तेथे तो स्वतः आला. लोकांनी त्याला ‘रामलिंग’ हे नावही देऊन टाकले.

ते छायाचित्र मोबाइलवरून घरोघरी पोचले. कुणी अभिमानाने पाहिले, कुणी भीतीने. ज्यांची जनावरे गोठ्याबाहेर बांधलेली असतात त्यांना भीती वाटणे स्वाभाविकच होते.

त्याच हिवाळ्यात मी आणखी एक छायाचित्र पाहिले. माझा एक जुना विद्यार्थी, आता शेती पाहणारा, भेटायला आला होता. बोलता बोलता त्याने मोबाइल पुढे केला. रात्रीची वेळ, शेताचा बांध, विजेऱ्यांचा झोत. पाच-सहा मित्र उकिडवे बसलेले, आणि त्यांच्या पुढ्यात ओळीने मांडून ठेवलेले ससे व तितर. एकाने सशाचे कान धरून त्याचे तोंड कॅमेऱ्याकडे वळवले होते. हे छायाचित्र त्या मंडळींनी आपापल्या ‘स्टेटस’ला लावले होते.

मी म्हणालो, “अरे, हा गुन्हा आहे, ठाऊक आहे ना? ससा, तितर, दोन्ही कायद्याने संरक्षित आहेत.”

“सर, खाल्लेच ना आम्ही. उगाच मारून टाकले नाहीत.”

“मग खाऊन गप्प का नाही बसलात? छायाचित्र कशाला?”

तो जरा वेळ थांबला आणि त्याने मला उलट विचारले, “म्हणजे सर, फोटो टाकला नसता तर चाललं असतं?”

प्रश्न वरवर वात्रट वाटावा असा. परंतु तो पोकळ नव्हता. शिकाऱ्याने आपल्या सावजाचे छायाचित्र जगाला दाखवावे की नाही, या वादात खरी मेख तेथेच आहे. मारणे हाच दोष असेल तर छायाचित्र निमित्तमात्र ठरते. आणि मारण्यात दोष नसेल, तर दाखवण्यात तो कोठून येतो?

कायद्याचे उत्तर सोपे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार आपल्या देशात संपली. अनुसूची एकमधील प्राण्याच्या, म्हणजे काळवीट, मोर, घोरपड यांसारख्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. मोबाइलमधील छायाचित्र न्यायालयात पुरावा म्हणून मांडता येते. तेव्हा असे छायाचित्र प्रसिद्ध करणारा आपल्या हाताने आपलाच कबुलीजबाब लिहून देत असतो. कुणी म्हणेल, मग टाकू द्या की त्यांना छायाचित्रे, वन खात्याचे काम हलके होईल! पण कायदा एवढेच सांगतो, की पकडले जाल. ज्याला पकडले जाण्याचे भय नाही त्याला हे उत्तर पुरत नाही, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नालाही ते पुरत नव्हते.

या छायाचित्राची वंशावळ जुनी आहे. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उस्मानाबाद हे त्याचे पूर्वीचे नावही सातवे निजाम उस्मान अली खान यांच्यावरूनच पडलेले. त्यांचे वडील, सहावे निजाम महबूब अली खान, वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होते, आणि त्यांच्या दरबारी राजा दीनदयाळ हे थोर छायाचित्रकार होते. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन १९०२ मध्ये हैदराबाद राज्यात शिकारीला आले. त्या काळातील एक छायाचित्र आजही सर्वत्र पाहावयास मिळते. पुढे मेलेला वाघ पसरलेला, मागे कर्झन आणि त्यांच्या पत्नी निश्चल उभ्या. त्यात हाकारे घालणारी शेकडो माणसे दिसत नाहीत. ढोल बडवीत, रानातून वाघाला बंदुकीच्या तोंडाशी आणून देणारे ते गरीब गावकरी चौकटीबाहेर राहिले. दिसतो तो विजय, आणि तोही ज्याने शेवटचा चाप ओढला त्याचा. बांधावर ससे मांडून बसलेल्या आमच्या पोरांनी कर्झनचे नावही ऐकलेले नसेल. पण बसण्याची ती ढब त्यांना कुणी न शिकवता आली होती.

याउलट, मराठवाड्यातील कितीतरी गावांच्या वेशीपाशी, मारुतीच्या देवळाजवळ, शेंदराने माखलेले वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, असा त्यांचा क्रम. शत्रूशी लढताना, गुरे राखताना, आणि काही दगडांवर तर वाघाशी झुंजताना माणूस पडला, म्हणून गावाने दगड कोरला. लक्षात घ्या, वीरगळ मेलेल्याचा असतो, मारणाऱ्याचा नव्हे. ज्याने प्राण दिला त्याची स्मृती गावाने जपली. ज्याने घेतला त्याने स्वतःचा दगड स्वतः कोरून वेशीवर लावला नाही. आमच्या पूर्वजांना शौर्य ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पण शौर्याची गोष्ट दुसऱ्याने सांगायची असते, एवढा विवेक त्यांच्यापाशी होता.

कधी कधी मारणे अटळ होते, हेही मान्य केले पाहिजे. ज्या पांढरकवड्याच्या परिसरातून आमचा रामलिंग आला, त्याच परिसरात टी-१ अथवा ‘अवनी’ नावाच्या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळी घालून मारण्यात आली. तिच्या कलेवराचे छायाचित्र देशभर फिरले. तिच्या अंगात रुतलेल्या बेशुद्धीच्या डार्टविषयी शंका घेतल्या गेल्या, शवविच्छेदनाचे अहवाल तपासले गेले. येथे छायाचित्राने साक्षीचे काम केले. मात्र त्याआधीच सर्वोच्च न्यायालयाने एक बजावणी केली होती, की वाघिणीला मारावे लागलेच, तर त्याबद्दल मारणाऱ्याला बक्षीस देऊ नये. पुढे तिच्या मृत्यूचा आनंद साजरा झाला, सत्कार झाला, म्हणून २०२१ मध्ये अवमानाची याचिकाही आली. तो सोहळा गावकऱ्यांचा होता, अधिकाऱ्यांचा त्यात भाग नव्हता, असे सांगण्यात आल्यावर न्यायालयाने प्रकरण पुढे चालवले नाही. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांच्या सुटकेच्या निःश्वासाला दोष देण्याचे धाडस मला होणार नाही. पण न्यायालयाची ती मूळ सूचना मला फार मोलाची वाटते. मारणे भाग पडेल. त्याचा गौरव करणे मात्र भाग पडत नाही.

म्हणून मला वाटते, मृत प्राण्याची छायाचित्रे दोन जातींची असतात. एक साक्षीची आणि दुसरी मिरवणुकीची. येडशीच्या आसपास ज्या शेतकऱ्याची गाय वाघाने मारली, तोही तिचे छायाचित्र काढतो, कारण पंचनामा व्हायचा असतो, भरपाई मिळायची असते. त्या चौकटीत तो स्वतः नसतो. असलाच तर त्याच्या चेहऱ्यावर हसू नसते. त्याचे छायाचित्र कुणाकडे तरी न्याय मागते. मिरवणुकीचे छायाचित्र काहीच मागत नाही. ते केवळ टाळी मागते.

साक्षीचेही कधी कधी मिरवणुकीत रूपांतर होते, आणि हे आपण सारे नकळत पाहत असतो. शिकारी पकडले गेल्याची बातमी येते. सोबतच्या छायाचित्रात जमिनीवर जप्त केलेले कातडे किंवा कलेवर, त्यामागे मान खाली घातलेले अनवाणी आरोपी, आणि त्यांच्यामागे रांगेत उभे राहिलेले अधिकारी. मांडणी कर्झनच्या छायाचित्राचीच. फक्त सावज दोन झाले. आमच्या जिल्ह्यात पारधी समाजाची वस्ती मोठी आहे. पारध हीच ज्यांची ओळख, त्यांना इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याच्या परंपरेने जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये तो शिक्का कायद्याने पुसला, लोकांच्या मनातून तो पुरता पुसला गेला नाही. वागूर लावून तितर धरणाऱ्या पारध्याने कधी आपल्या सावजाशेजारी बसून छायाचित्र काढले नाही. त्याच्यासाठी ते पोटाचे काम होते. छायाचित्रात तो आला तो आरोपी म्हणूनच. गुन्हा घडला असेल तर न्यायालय आहे. पण गरिबाच्या खाली घातलेल्या मानेची मिरवणूक काढण्याचा अधिकार कायद्याने कुणाला दिलेला नाही.

शिकार जेथे कायदेशीर आहे तेथील मंडळीही या प्रश्नाने अस्वस्थ आहेत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहणारे माझे एक आप्त सांगत होते, की १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणे मारण्याचा हंगाम सुरू झाला की शेजारी पहाटे रानात जातो, एक हरीण आणतो आणि वर्षभराचे मांस साठवतो. तेथे १९३७ च्या एका कायद्यान्वये बंदुका व काडतुसे यांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणासाठी जातो, ही गोष्ट नाकारण्यासारखी नाही. तेथील जाणते शिकारी नवशिक्यांना सांगतात, छायाचित्र काढण्यापूर्वी रक्त पुसा, बाहेर आलेली जीभ आत घाला, प्राण्याच्या अंगावर बसू नका. हेतू चांगला आहे. पण ज्या दृश्यातील रक्त पुसल्याशिवाय ते दाखवता येत नाही, ते दाखवण्याची निकड तरी कोणती? २०१५ मध्ये झिंबाब्वेतील ‘सेसिल’ सिंहाला एका अमेरिकन दंतवैद्याने मारले, तेव्हा त्याच्या पूर्वीच्या शिकारींची छायाचित्रे जगभर पसरली आणि त्याला दवाखाना काही काळ बंद ठेवावा लागला. ज्या टाळीसाठी अशी छायाचित्रे काढली जातात, तिचीच दगडफेक झाली. आणि ही दगडफेक करणारेही आपला संताप मिरवीतच होते.

आपल्या धर्मपरंपरेत शिकाऱ्यांचा एक आश्रयदाता संत आहे, हे अनेकांना ठाऊक नसेल. आठव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेले लिएजचे बिशप संत ह्युबर्ट, ज्यांचा सण ३ नोव्हेंबरला येतो. आख्यायिका अशी, की तरुणपणी ते गुड फ्रायडेच्या दिवशीही शिकारीला गेले. ज्या सांबराचा पाठलाग चालला होता ते अचानक वळून उभे राहिले, आणि त्याच्या शिंगांमध्ये क्रूसमूर्ती झळकली. ह्युबर्ट गुडघ्यांवर आले. शेकडो चित्रकारांनी हा क्षण रंगवला आहे. त्या चित्रांत प्राणी उभा असतो आणि शिकारी वाकलेला. आपल्या मोबाइलमधील छायाचित्रांत नेमके उलटे असते. जर्मनीतील शिकाऱ्यांत अजूनही एक जुनी रीत आहे. मारलेल्या हरणाच्या मुखात ते हिरवी डहाळी ठेवतात, जणू अखेरचा घास. आणि टोपी काढून क्षणभर स्तब्ध उभे राहतात. आपल्याकडे मरणाऱ्याच्या मुखात तुळशीपत्र ठेवतात, त्याची मला आठवण झाली. ज्याला मारावे लागले त्याच्यापुढे डोके उघडे करणारा माणूस आणि त्याचे कान धरून कॅमेऱ्याकडे तोंड वळवणारा माणूस, दोघांनीही जीव घेतलेला असतो. तरी ते दोघे एक नव्हेत.

माझ्या विद्यार्थ्याला मी जे उत्तर दिले ते येथे नोंदवतो. छायाचित्र टाकले नसते तर चालले असते का? नाही, चालले नसते; ससा मेलाच असता आणि कायदाही मोडलाच असता. पण छायाचित्राने एक गोष्ट उघडी पाडली. भूक लागलेला माणूस प्रेक्षक बोलावीत नाही. पीक राखणारा शेतकरी परवानगी काढतो, काम उरकतो आणि घरी जातो. ज्या मृत्यूला टाळीची गरज भासते, तो मृत्यू गरजेपोटी घडलेला नसतो. “तू खाल्लेस म्हणतोस,” मी त्याला म्हणालो, “पण सशाने तुमची भूक भागली असती तर ‘स्टेटस’ची भूक कशाची होती?”

तो हसला नाही. म्हणाला, “आणि सर, ज्या साठ-सत्तर जणांनी अंगठा दाखवला, त्यांचं काय?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्या विद्यार्थ्याने द्यायचे नाही. ते आपण द्यायचे आहे. कर्झनचे छायाचित्र दिवाणखान्यात लागत असे, ते पाहायला त्या दिवाणखान्यात जावे लागे. आजचे छायाचित्र आपल्या हाताच्या तळव्यावर येऊन पडते, आणि पुढे जाते ते आपल्याच बोटाने. हाकारे घालणारी माणसे आता रानात लागत नाहीत. ती आपापल्या घरी बसून, एकेका अंगठ्याने, पुढच्या सावजाला बंदुकीकडे हाकीत असतात. जिम कॉर्बेट यांच्यासारख्या निष्णात शिकाऱ्याने एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांची रानातील छायाचित्रे पाहून बंदुकीऐवजी कॅमेरा जवळ केला. सोलापूरच्या मारुती चितमपल्ली यांनी अवघे आयुष्य रानात काढले, २०२५ च्या जून महिन्यात ते गेले, आणि मागे ठेवले ते पाखरांचे व झाडांचे शब्द. पाहणे हीसुद्धा एक मिळकत आहे, हे या माणसांनी आपल्याला शिकवले.

२०२५ च्या आरंभी रामलिंगला पकडून सह्याद्रीच्या जंगलात हलवण्यासाठी पथके आली. त्याने महिनोन्‌महिने त्यांना चकवले. अशा जिवाचा शेवट कुणाच्या तरी हसऱ्या चेहऱ्यापुढे आडवा पडून व्हावा की नाही, हे वन खाते एकटे ठरवू शकत नाही. तसले छायाचित्र काढण्याची इच्छा ज्याच्या मनात येईल, त्याला ते पाहणारे कुणी मिळणार नाही अशी व्यवस्था आपण करू शकतो. त्यासाठी कायदा लागत नाही. अंगठा आवरावा लागतो.