डागडुजी कुणाच्या खिशातून?

पांडेसऱ्यात मिल कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या आणि जुन्या सुरतेतली सागवानी खांबांची घरं, दोन्हींच्या दुरुस्तीची कामं मी घेतो. भिंतीला हात लावण्याआधी एक चौकशी करतो: खर्च कोण करणार? घर किती टिकेल, हे बरंचसं त्या उत्तरात कळतं.

इंग्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या रेक्टऱ्या, म्हणजे चर्चच्या पाळकाची घरं, याची साक्ष देतात. घर पदाबरोबर मिळायचं. ते विकायची मुभा नाही, राखायची जबाबदारी मात्र पाळकाचीच. तो बदलून गेला किंवा वारला, की पडझडीचा हिशोब व्हायचा आणि भरपाई त्याच्याकडून किंवा वारसांकडून नव्या पाळकाला मिळायची. १७७६ च्या गिल्बर्ट कायद्याने पदाच्या उत्पन्नावर कर्ज काढून घर बांधायची सोय झाली. त्या सुमाराची विटांची, उंच खिडक्यांची कितीतरी घरं अजून नांदती आहेत. त्या खिडक्या मला फार आवडतात. वरखाली सरकणारी तावदानं चौकटीच्या पोटातल्या वजनांवर तोललेली असतात. दोरी तुटली तर कडेची फळी काढून नवी ओवायची. बांधणाऱ्याने दुरुस्ती करणाऱ्याचा विचार आधीच केलेला.

सुरतेत इंग्रजांच्या पाळकाची राहायची सोय व्यापारी कोठीतच होती. तिथला पाळक जॉन ओव्हिंग्टन याचं प्रवासवर्णन १६९६ साली छापलं गेलं. तो लिहितो, की कोठीची इमारत मोगल बादशहाच्या मालकीची, वर्षाचं भाडं साठ पौंड. पण ते बहुधा इमारतीच्या डागडुजीत आणि वाढीव बांधकामातच खर्ची पडायचं.

आमच्याकडे भाडं दर महिन्याला निघतं, घराकडे क्वचित वळतं. गावातल्या जुन्या घरांत चुन्यातल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापतात, कारण तो पटकन होतो. ओल आत कोंडते, लोणा धरतो, वीट भुसभुशीत होते.

म्हणून मालकांना मी त्या कोठीचा हिशोब सांगतो. वर्षातलं एका महिन्याचं भाडं घरालाच द्या, तेही पावसाळ्याआधी. आधी पन्हळ, मग छप्पर, मग भिंतीची ओल. रंग सगळ्यात शेवटी. शेठ मान डोलावतात आणि विचारतात, ‘रंग कोणता लावायचा?’