नोकरी सुटलेले हत्ती

बुलढाण्याकडचे ते धामणगाव बढे आणि आमचे ते धामणगाव रेल्वे. ज्या लोहमार्गाने गावाला हे उपपद दिले तो 1867 साली नागपूरला भिडला, आणि तेव्हापासून इथला कापूस, त्याचे खरेदीदार व इथली करमणूक ही सगळीच गाडीच्या वेळापत्रकाशी बांधली गेली. कापसाचे चुकारे झाले की गावात आनंदमेळ्याचे तंबू पडतात. नागपूरची गाडी यायला अवकाश होता, म्हणून मी मेळ्याच्या मैदानात डोकावलो.

दिवसाउजेडी मेळ्याची रया जाते. आकाशपाळण्याचे सांगाडे उघडे पडतात, मौतच्या विहिरीच्या फळ्यांवरचे तेलाचे ओघळ दिसतात, आणि रात्री दिव्यांत झळाळणारी चक्री ही वेल्डिंगच्या गाठींनी कशीबशी धरून ठेवलेली एक लोखंडी छत्री असल्याचे उमगते. त्या चक्रीत घोडे, बदके व एक जिराफ यांच्या पंगतीत एक हत्ती होता. इतरांहून वितभर मोठा, आणि ज्याच्या पाठीवर पोराला बसता यावे म्हणून मागाहून पत्र्याचे खोगीर ठोकले होते असा. आकाशी ऑइलपेंटचे थरावर थर चढूनही त्याच्या कुशीवर उठावाची काही अक्षरे बोटांना लागत होती, डोळ्यांना मात्र लागत नव्हती. चक्रीला ग्रीस भरणाऱ्या म्हाताऱ्याने माझा चाळा पाहिला.

“कोन्या तेलाचा हत्ती होता हा,” तो म्हणाला. “तेल कईचंच बंद झालं. हत्ती चालूच हाय भाऊ.”

कोणते तेल, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसल्याचे त्याला काडीचेही वैषम्य नव्हते.

गाडी सुटली, वर्धा नदीचा पूल गेला, तरी त्या हत्तीची मिसल माझ्या मनात बंद होईना. जाहिरातीसाठी जन्माला घातलेल्या प्राण्यांच्या नशिबी धन्याची मर्जी असते. रंगाचा डबा हाती घेतलेला, केसांची झुलपे कपाळावर आलेला एशियन पेंट्सचा गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली काढला, आणि जवळजवळ अर्धशतक चाकरी करवून घेतल्यावर कंपनीने त्याला एका हुकमासरशी दफ्तरातून कमी केले. परंतु गावोगावच्या शटरांवर तो अजून फिकट होत उभा असतो, कारण बडतर्फीचे फर्मान दुकानदारापर्यंत पोचले तरी शटर पुन्हा रंगवण्याचा खर्च कोण करणार?

अप्पूची कथा याहून विलक्षण. 1982च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेचे हे हत्तीचे पिल्लू स्पर्धा संपल्यावर वास्तविक निकालात निघायचे, ते 1984 साली प्रगती मैदानावरच्या बागेला आपले नाव देऊन बसले. पुढे पुण्याजवळ निगडीलाही अप्पूघर झाले. ज्यांचा जन्मच त्या स्पर्धेनंतरचा अशा पोरांनी अप्पू म्हणजे पाळणे व घसरगुंड्या एवढेच जाणले. 2008 मध्ये दिल्लीची बाग जमिनीच्या कारणाने बंद झाली. ज्या जिवंत हत्तीने त्या स्पर्धेत अप्पूची भूमिका केली तो गुरुवायूरचा कुट्टिनारायणन लहानपणीच मैल्याच्या टाकीत पडून पायाने अधू झाला, ती जखम पुरती कधी भरली नाही, आणि 2005 साली तो गेला. चित्रातल्या अप्पूची कीर्ती त्याच्या काही कामास आली नाही, हे मला त्या साऱ्या वृत्तांतात सर्वांत बोचते.

पुलगाव आले. इथून आर्वीला अरुंद मार्गाची गाडी जात असे. आमच्या शकुंतला या छोट्या गाडीचीच ती बहीण, एकाच विलायती कंपनीची मालमत्ता. शकुंतलेचे 1921 साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन 1994पर्यंत राबले. अशा निवृत्त मंडळींचा मुक्काम नागपुरात मोतीबागेला आहे आणि मी निघालो होतो तोही तिकडेच. छिंदवाडा व नागभीडकडच्या छोट्या गाड्यांची दुरुस्ती जिथे होई, त्या आवारात डिसेंबर 2002 मध्ये नॅरोगेज संग्रहालय उघडले. ज्या डब्यांतून गोंडवनातील बाजारकरी कोंबड्या व भाजीपाला घेऊन येत, तसे डबे तिथे रंगरंगोटी करून हिरवळीवर बसवले आहेत; आणि भोवती मुलांची झुकझुकगाडी फिरते.

तिथल्या एका भिंतीवर भोलू भेटला. रेल्वेच्या दीडशेव्या वर्षानिमित्त राष्ट्रीय डिझाइन संस्थेने घडवलेला हा गार्डच्या वेषातला, हाती हिरवा कंदील धरलेला हत्ती 16 एप्रिल 2002 रोजी बंगळुरूला प्रकटला, आणि उत्सवापुरती असलेली त्याची नेमणूक पुढल्याच वर्षी कायम झाली. म्हणजे या गोतावळ्यात सनदी नोकरीत टिकलेला हा एकटाच. तो नीटनेटका आहे, सुस्वभावी आहे. परंतु माझ्या दृष्टीने आमच्या चक्रीतल्या आकाशी हत्तीची सर त्याला नाही.

एक बाई आपल्या मुलाला त्याच्याशेजारी उभे करून छायाचित्र काढू पाहत होती.

“उभा राह्य ना नीट. हत्ती आहे तो.”

“याच्यावर बसता येत नाई,” मुलगा म्हणाला आणि झुकझुकगाडीच्या रांगेकडे पळाला. रांगेत प्रौढांनाही मज्जाव नव्हता, तेव्हा तिकीट काढून मी त्याच्या मागे उभा राहिलो.