अवतरणातली बोली

मागच्या आठवड्यात सटाण्याहून फोन आला, काका गेले. रात्री कपाटातून सातपूरच्या कारखान्यातला कागदांचा गठ्ठा काढला. हिरव्या पट्ट्यांचा कागद, दोन्ही कडांना भोकं. रिबनच्या शाईचा वास अजून गेलेला नाही.

काका आमचे ऑपरेटर, आयबीएमच्या एएस/४०० संगणकावर रात्रपाळी करायचे. मी युनिक्स शिकून आलेली, म्हणून त्याच यंत्रातल्या युनिक्ससारख्या क्यूशेलमध्ये बसायची. तिथून यंत्राची मूळ आज्ञा चालवायची तर आधी 'सिस्टिम' लिहायचं, मग आज्ञा. एका महिनाअखेरीला मी ती तशीच उघडी लिहिली आणि शेल कंसावर अडला. कंसाचा तो स्वतःचा अर्थ लावतो, तारांकन दिसलं की फाइलींची नावं शोधत सुटतो. काकांनी माझ्या कागदावर पेन्सिलीने आज्ञेच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं काढली.

"तिचं बोलणं जसंच्या तसं जाऊ दे, पोरी. मधल्याने अर्थ लावायचा नाही."

एंटर दाबलं. एरवी स्पूलमध्ये, छपाईच्या रांगेत, जाऊन पडणारी यादी समोर पडद्यावर उतरली.

१९७८ साली आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत कंपनीने सिस्टिम/३८ जाहीर केलं. एएस/४०० त्याच घराण्यातलं, जून १९८८ चं. २००० मध्ये ते आयसिरीज झालं, पुढे आणखी नावं आली. काका शेवटपर्यंत 'फोर हंड्रेड'च म्हणायचे. त्या यंत्राला कुणी जुनाट म्हटलं की मला आजही राग येतो. त्याच्या आज्ञांत डीएसपी म्हणजे दाखव, सीआरटी म्हणजे बनव, डीएलटी म्हणजे पुसून टाक. आधी क्रियापद, मग नाम. एवढं कळलं की न शिकलेली आज्ञाही अंदाजाने लिहिता येते. इतकं नेटकं व्याकरण मला दुसऱ्या यंत्रात भेटलं नाही.

त्या रात्री काम उरकल्यावर काकांनी घरी फोन लावला होता. "काय करी ऱ्हायनी?" दिवसभर आमच्याशी पुस्तकी मराठी बोलणारा माणूस त्या एका अहिराणी वाक्यात सैलावला. मी पाठमोरी बसून ऐकत राहिले.

दहाव्याला सटाण्याला गेले. ओसरीवर बायका अहिराणीत काकांच्या आठवणी काढत होत्या. मी आत शिरताच काकूंनी डोळे पुसले आणि माझ्यासाठी शहरी मराठीत, अडखळत, सुरुवात केली.

मी त्यांचा हात धरला. "काकू, तसंच बोला."