कांदा फक्त एक किलो

अंदमानला जाऊन आलो म्हटलं की मराठी माणूस हमखास दोनच प्रश्न विचारतो. सेल्युलर जेल पाहिलं का, आणि खर्च किती आला? जेल पाहिलं. खर्च बेताचा आला, कारण हॅवलॉकवर (२०१८ पासून स्वराज द्वीप) आम्ही चौघांनी गॅसची शेगडी असलेली खोली घेतली होती. हातानेच रांधायचं ठरलं. म्हणजे किराणा आला!

इथे गावांना नंबर आहेत. जेट्टी एक नंबरला, बाजार तीनला, राधानगरचा प्रसिद्ध किनारा सातला. १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधल्या निर्वासितांना इथे वसवलं, त्यामुळे दुकानदार बहुतेक बंगाली, पण आपल्याशी हिंदीत बोलणार. नारळ, केळी, मासे इथलेच. भाजी थोडी इथली, थोडी शेजारच्या नील बेटावरची. पण डाळ, तेल, कांदे-बटाटे? ते चेन्नई-कोलकात्याहून जहाजाने येतात. चेन्नईपासून सुमारे १२०० किलोमीटर समुद्र, मग श्री विजय पुरमला (२०२४ पर्यंतचं पोर्ट ब्लेअर) उतरवणं, परत बोटीत चढवणं, आणखी ४० किलोमीटर. प्रत्येक ठिकाणी हमाली वेगळी. भाव चढा का, ते वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी हवा बिघडली. बोटी बंद! कधी सुटतील, कोणालाच माहीत नाही. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणून आम्ही चारलाच बाजार गाठला. तीन किलो कांदे, पाच किलो बटाटे मागितले. दुकानदारकाकांनी तराजूत एक किलो कांदे टाकले आणि म्हणाले, "बस, इतना ही."

आमच्यातल्या एकाने लगेच पाकीट काढलं. "अंकल, किलोमागे वीस रुपये जास्त घ्या ना!"

काका शांतपणे म्हणाले, "पैसा तो आप दे दोगे. बोट चालू होगा, आप चले जाओगे. ये लोग किधर जायेगा?"

मागे वळून पाहिलं. तेलाची रिकामी बाटली घेतलेली शाळकरी मुलगी, दोन म्हाताऱ्या, एक कोळी. कुणी कुरकुर करत नव्हतं. प्रत्येकाला एकेक किलोच मिळत होतं, त्याच भावाने. त्या रात्री आम्ही कच्च्या केळ्यांची भाजी आणि भात खाल्ला, आणि खरं सांगतो, झकास झाली होती.

इन्व्हेंटरी कंट्रोलचा चॅप्टर आपण सगळेच घोकतो. मागणी 'डी', ऑर्डरचा खर्च, साठवणुकीचा खर्च, वर्गमूळ काढा, दहा मार्क खिशात! लीड टाइम ठरलेला आहे, असं गणितातच लिहिलेलं असतं. बेटावर तो समुद्र ठरवतो. आणि पुस्तकात 'डी' म्हणजे नुसता 'डी'; कांदा कुणाच्या पिशवीत जातो याच्याशी सूत्राला देणंघेणं नसतं. काकांच्या हिशोबात मात्र 'डी' दोन होते, जाणारे आणि राहणारे. माल तुटला की जास्त पैसे देणाऱ्याला द्यायचा नाही, हा नियम त्यांना कुणी शिकवला नव्हता. उद्या त्याच लोकांना तोंड दाखवायचं होतं, एवढंच.

तर मंडळी, हॅवलॉकला जाणार असाल तर जरूर जा. डाळ, मसाला घरून न्या, तिथे नारळ, केळी, मासे मनसोक्त घ्या. कांदा मात्र जपून मागा.