दादांची टॅक्सी, एकास दहा

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस टीव्हीवर बातमी लागली की मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी आता बंद होणार. तारदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली ती गाडी होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, ती संपली. आम्ही जेवायला बसलो होतो. माझे वडील, ज्यांना आम्ही भावंडे दादा म्हणतो, ताटातला हात तसाच ठेवून ऐकत राहिले. बातमी संपल्यावर म्हणाले, "म्हणजे आता हात लावायलासुद्धा एक गाडी नाही?"

हात लावायला, असेच ते म्हणाले. दादांना दिसत नाही. काचबिंदूने आधी कडेची नजर गेली, मग उरलेली. या रोगात गेलेली नजर परत येत नाही. दुखत खुपत नाही म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही आणि उशीर होतो. (वाचकांपैकी ज्यांच्या घरात कोणाला काचबिंदू असेल त्यांनी चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब जरूर तपासून घ्यावा. आमच्या घरी ते शहाणपण उशिरा आले.)

दादांनी सव्वीस वर्षे मुंबईत टॅक्सी चालवली. आधी फियाट, मग पद्मिनी. खरे तर गाडी एकच, नाव बदलले. शेठ वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची ११०० गाडी तयार व्हायची. पुढे १९७४ पासून ती चितोडच्या राणीच्या नावाने पद्मिनी झाली. चार सिलिंडर, १०८९ सीसीचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट सलग बाकासारखी. एके काळी ही गाडी घ्यायला पैसेवाल्यांनाही नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. आपल्या लोकांच्या वाट्याला ती आली ती पुसायला, दुरुस्त करायला आणि चालवायला. दादा दुसऱ्याच्या गाडीवर पाळीने असत. दिवसाचे ठरलेले पैसे मालकाला, उरतील ते आपले. पंधरा दिवसांनी एकदा रेल्वेने डहाणूला घरी.

ते ड्रायव्हर कसे झाले याची गोष्ट ते नेहमी सांगत. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याकडचे काम आटोपून परत येताना चाळीसगावला उतरले. वस्तीतली मंडळी न्यायला आली, पण स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र आपलाच माणूस बसला. त्याने जन्मात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. स्वतः बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. विहारात कोणीतरी ही हकीकत सांगितली तेव्हा दादा विशीत होते. "सगळे टांगेवाल्याला शिव्या देत होते," ते सांगत. "माझ्या मनात आलं, आपल्या माणसाला हाकता येत असतं तर तो पाय वाचला असता." मग मुंबई गाठून गाड्या धुता धुता ते शिकले, लायसन काढले, टॅक्सीचा बिल्ला मिळवला. तो पितळी बिल्ला अजून आईच्या ट्रंकेत आहे.

आता माझे सांगतो. आमच्या चिंचणी-वाणगाव भागात सोन्याचांदीच्या दागिन्यांच्या डाय कोरण्याचा धंदा घरोघरी चालतो. पोलादाच्या ठोकळ्यात फुल, पान, वेल उलटी कोरायची, ठोकळा लालबुंद तापवून तेलात बुडवून कडक करायचा. मग सोनार त्यावर पत्रा ठेवून ठसा उठवतो. दादांची इच्छा होती मी शिकून साहेब व्हावे. मी बारावीनंतर छिन्नी-हातोडी धरली. ते त्यांना फार लागले होते, पण बोलले नाहीत. आता कॉम्प्युटरच्या मशिनी आल्यापासून हाताचे काम बरेच कमी झाले आहे. संध्याकाळी हात रिकामे असतात.

तर त्या बातमीनंतर मी ठरवले की दादांना हात लावायला गाडी करून द्यायची. बाजारात खेळण्यातली टॅक्सी मिळते, पण ती दादांच्या हातात दिली असती तर त्यांनी नातवाकडे सरकवली असती. परदेशात हौशी लोक एकास अठरा, एकास चोवीस अशा मापात जुन्या गाड्या हुबेहूब करतात. आपल्याकडेही आहेत असे लोक. मुंबईत अणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात बस आणि ट्रामच्या प्रतिकृती मी स्वतः पाहिल्या आहेत. मी एकास दहा माप धरले. कारण साधे, दहाने भागणे सोपे. गणितात मी जेमतेमच होतो.

पण मापे घ्यायला मूळ गाडी हवी. ती सापडली तलासरीला. हायवेच्या कडेला एका गॅरेजच्या मागे गवतात एक खाजगी पद्मिनी उभी होती, मूळचा दुधी रंग गंजाने तांबडा झालेला, चाके गेलेली, पुढच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. गॅरेजवाला म्हणाला, "भंगाराच्या भावाने घेऊन जा." मी म्हटले, मला फक्त मापे हवीत. त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी गाडी चोरायला आलो असतो तर त्याला जास्त पटले असते. तीन रविवार मी डहाणूहून एसटीने तलासरीला गेलो. लांबी-रुंदी टेपने मिळते, वळण टेपने मिळत नाही. त्यासाठी मी झाळणाची जाड तार छपरावरून, मडगार्डवरून दाबून वाकवायचो आणि ती तशीच वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारायचो. अशी चाळीसेक कागदांची गुंडाळी झाली. तिसऱ्या रविवारी गॅरेजवाला स्वतः तारेचे दुसरे टोक धरून उभा होता. आणि चहाही त्याचाच.

बॉडी पितळी पत्र्याची करायची ठरवली, कारण पितळ माझ्या ओळखीचे. पहिले छप्पर फाटले. सपाट पत्रा एका दिशेला वाकतो, एकाच वेळी दोन दिशांना वाकवला की रुसतो. माझ्यासारख्या धंद्यातल्या माणसाला हे ठाऊक असायला हवे होते, पण घाई झाली होती. मग सागाचा लाकडी फर्मा कोरला, पत्रा तापवून मऊ केला आणि लाकडी हातोडीने थोडा थोडा बसवला. ठोकून पत्रा कडक झाला की पुन्हा तापवायचा, पुन्हा ठोकायचा. छपराला सात वेळा तापवावे लागले. चार दरवाजे वेगळे कापून बारीक बिजागऱ्यांवर लावले. हेडलाइटला बायकांच्या जुन्या घड्याळांच्या काचा अगदी मापाच्या बसल्या. टायर स्कूटरच्या ट्यूबचे, सीट जुन्या पर्सच्या आतल्या कापडाची. पुढची जाळी आणि चाकाच्या टोप्या मात्र मी माझ्या पद्धतीने केल्या. पोलादात डाय कोरली आणि दागिन्यासारख्या ठोकून काढल्या. मागच्या नावाची अक्षरे अडीच मिलिमीटरची. नथीवरची नक्षी कोरणाऱ्याला तेवढे काही विशेष नाही. इंजिन केले नाही. बॉनेट बंदच आहे, हे कबूल करतो.

तपासणी दादांची. रोज रात्री जेवण झाले की मी जेवढे झाले असेल तेवढे त्यांच्या मांडीवर ठेवायचो. ते बोटे फिरवायचे. पहिल्यांदा पुढच्या मडगार्डवर हात फिरवून म्हणाले, "हा बैलाचा खांदा झाला. तो माणसाच्या खांद्यासारखा उतरता असतो." कागद काढून पाहिला, तार काढताना माझ्याकडूनच चेपली गेली होती. दुसऱ्या दिवशी कइया तापवून मडगार्ड सोडवला आणि नवा केला. दरवाजाचे हँडल एक मिलिमीटर खाली होते तेही त्यांनी पकडले. आई म्हणायची, "एवढं बारकाईनं जेवणातलं मीठ कधी बघितलं नाही यांनी." टॅक्सीचा जुना लोखंडी मीटर बाहेर डाव्या हाताला असायचा, त्याचा झेंडा हाताने पाडायचा. तो मी खाली-वर होईल असा केला. दादांनी झेंडा पाडला आणि तोंडाने 'टिंग' केले.

मग डॅशबोर्डाची वेळ आली आणि माझा हात अडखळला.

१९८८ सालच्या सहा डिसेंबरला मी सोळा वर्षांचा होतो. चैत्यभूमीवर दर्शन घेऊन बाहेर आलो. दादा त्या दिवशी पाळीवर होते, दादरला एका कोपऱ्यावर मला भेटले. त्यांच्या गाडीत मी पहिल्यांदाच पुढे बसलो. डॅशबोर्डावर देवांच्या तसबिरी, हार, उदबत्तीची राख. बाबासाहेबांचा फोटो कुठेच नव्हता. बाहेर लाखो माणसे बाबासाहेबांसाठी रांगेत उभी आणि माझ्या बापाच्या गाडीत हे. मी विचारले. दादा म्हणाले, "गाडी मालकाची आहे. तो म्हणाला, फोटो लावायचा असेल तर चावी ठेव." मी म्हटले, "मग ठेवायची चावी! घाबरता कशाला?" दादा बोलले नाहीत. गाडी चालू केली आणि मला स्टेशनला सोडले. मी उतरताना जयभीमही केला नाही. त्यानंतर या विषयावर आम्ही दोघे एक अक्षर बोललो नव्हतो. ते पैसे पाठवत होते, आम्ही तिघे भावंडे त्यावर शिकत होतो, हा हिशोब मला पुढे स्वतःची पोरे झाल्यावर कळला. पण कळला म्हणून बोलता येतेच असे नाही.

आता मी त्यांना विचारले, "दादा, डॅशबोर्डावर काय करू?" मनात होते की तसबिरी नकोत, बाबासाहेबांचा फोटो लावून टाकू, माझी गाडी आहे.

दादा म्हणाले, "मालकाचं होतं ते नको करूस. ते माझं नव्हतं. पण उन्हाची फळी केलीस का?"

ड्रायव्हरच्या डोक्यावर काचेच्या वरच्या कडेला ऊन अडवायची एक फळी असते, हवी तेव्हा खाली पाडायची. ती मी केली होती, पण घट्ट चिकटवलेली.

"ती फिरली पाहिजे," दादा म्हणाले. "फोटो तिच्या वरच्या बाजूला होता. पासपोर्टचा असतो तेवढा. फळी वर असली की छताकडे तोंड, कोणाला दिसायचा नाही. भाडं उतरलं, गाडी रिकामी झाली, की मी फळी पाडायचो."

"रोज?"

"दर भाड्याला. ऊन नसलं तरी. रात्रीसुद्धा."

"तेव्हा मला का नाही सांगितलं? त्या दिवशी?"

"तुझं बरोबर होतं," दादा म्हणाले. "लपवून ठेवला होता तो लपवूनच ठेवला होता. सांगण्यासारखं काय त्यात?"

मी उठून पाणी प्यायला गेलो. पत्नीने विचारले काय झाले, तिला म्हटले डोळ्यात पितळेचा कीस गेला.

दुसऱ्या दिवशी फळी सोडवली आणि दोन पिनांवर फिरती बसवली. फोटोचा प्रश्न राहिला. एकास दहा मापात पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार मिलिमीटरचा होतो, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा रुंद. छापील फोटो तेवढा करून मिळतो, पण दादांना तो दिसणार नाही. उठावाचा केला तरी एवढ्याशा ठशात बोटाला काय लागणार? म्हणून या एका ठिकाणी मी माप मोडले. तिप्पट घेतले. पोलादाच्या ठोकळ्यात अकरा दिवस कोरले. इतकी वर्षे फुले-पाने कोरली, माणसाचा चेहरा कधी कोरला नव्हता, त्यात बाबासाहेबांचा. दोन डाय फेकल्या. पहिलीत कपाळ नीट आले नाही, दुसरीत ओठ. तिसरी जमली. चांदीचा पातळ पत्रा ठेवला, वर शिसे ठेवले आणि एकाच घावात ठसा उठवला. दुसरा घाव घातला असता तर ठसा दुहेरी झाला असता.

काळा-पिवळा रंग वाळून गाडी पुरी झाली ती बातमीनंतर साधारण दीड वर्षाने, एका पौर्णिमेला. विहारातून आल्यावर गाडी दादांच्या मांडीवर ठेवली. सगळे घर भोवती. त्यांनी छप्पर, कॅरिअर, मडगार्ड, हँडल असे सगळे पुन्हा पाहिले. मग ड्रायव्हरचा दरवाजा उघडला, करंगळी आत घातली आणि नखाने फळी पाडली. बोट बराच वेळ तिथेच होते.

"फोटो एवढा मोठा नव्हता," ते म्हणाले.

"चष्मा लागतो का हाताला?"

"लागतो."

मग त्यांचा हात बाहेर डाव्या बाजूला मीटरकडे गेला. मी झेंडा पाडून ठेवला होता, तसा दिसायला चांगला दिसतो म्हणून.

"हे चुकलं," दादा म्हणाले. "फोटो खाली असतो तेव्हा मीटर वर पाहिजे. गाडी रिकामी असते ना." आणि त्यांनी झेंडा वर केला.