दोन घनसेंटिमीटर

चाळिशीनंतर माणसाने नव्या विद्येच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत होते. वर्गात ते मी अनेकदा ठासून सांगितलेही आहे. परंतु गेल्या वैशाखात माणगावच्या आमच्या पडवीत मांडी ठोकून मी मोटारसायकलचे इंजिन खोलले, आणि ते मत मुकाट्याने मागे घेतले.

गाडी अण्णांची. यामाहा आर. एक्स. शंभर. १९८५ साली ही गाडी भारतात आली नि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. अण्णांचे हात आता थरथरतात, म्हणून ती मी चालवितो. पण ताम्हिणीचा घाट चढताना ती अशी धापा टाकी, की मागे बसलेल्या चिरंजीवांना खाली उतरून ढकलावेसे वाटे.

“बाबा, एकशे पस्तीसचा सिलिंडर बसवू या. गाडी नुसती उडेल!” चिरंजीवांनी फर्मावले.

ओटीवर बसलेले अण्णा काहीच बोलले नाहीत. मात्र त्या रात्री त्यांनी मागचा भात घेतला नाही.

मी कायदा पुढे केला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा फेरफार करू देत नाही. पण खरे सांगायचे तर, अण्णांच्या गाडीत दुसरे काळीज बसविणे माझ्या जिवावर आले होते. शेवटी तडजोड झाली. आहे तेच इंजिन सुधारायचे, आणि तेही पाच हजारांच्या आत.

खोलून पाहिले तो सिलिंडर आतून झिजलेला, पिस्टनच्या रिंगा सैल, आणि धूर बाहेर पडायच्या वाटेवर जळलेल्या तेलाची काजळी. म्हणजे शक्ती कमी नव्हतीच. ती फटींतून गळत होती! काजळी मी लाकडी पट्टीने खरवडली, कारण लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात. सिलिंडर तेवढा मिस्त्रीकडून बोअर करून आणला, आणि अर्ध्या मिलिमीटरने मोठा पिस्टन घेतला. व्यास ५० चा ५०.५ झाला. चिरंजीवांनी गणित मांडले: ९८ घनसेंटिमीटरचे १०० झाले.

“फक्त दोन?” त्यांचा चेहरा पडला.

पिस्टन बसविताना खालचे तोंड फडक्याने झाकायचे असते. मी झाकले नाही. गजन पिनेची इवलीशी क्लिप टुणकन इंजिनाच्या पोटात गेली! तशीच गाडी सुरू केली असती, तर सारा खर्च पाण्यात गेला असता. मला घाम फुटला. तेव्हा अण्णा काठी टेकीत पडवीत आले. त्यांनी स्क्रूड्रायव्हरला लोहचुंबक घासायला लावले. ते सांगत होते, नातू हात चालवीत होता, आणि मी, मराठीचा एम. ए., विजेरी धरून उभा होतो. अर्ध्या तासाने क्लिप वर आली.

पहिले काही दिवस नवा पिस्टन रुळावा म्हणून गाडी सावकाश चालविली. मग ताम्हिणी गाठली. पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हणारी गाडी त्याच चढावर तिसऱ्यात गात गेली.

परतलो तेव्हा अण्णा ओटीवरच होते. “वेग विचारा ना, आजोबा!” चिरंजीव म्हणाले.

“वेग कशाला? वळणावर होतास तेव्हाच आवाज ओळखला मी.”

त्या रात्री अण्णांनी भात दोनदा मागून घेतला.