मिरजेच्या तंबोऱ्यांच्या गल्लीत

तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून मिरज काही लांब नाही. दवाखान्याच्या निमित्ताने आमच्या भागातल्या बहुतेकांनी मिरज पाहिलेली असते. मीही कितीदा तरी गेलो. पण ज्या गल्लीमुळे मिरजेचे नाव गवयांच्या तोंडी आहे, तिथे पाऊल ठेवायला माझी पासष्टी उलटावी लागली. निमित्त झाले ते धाकट्या नातीचे.

पोरीला गाण्याचा नाद. तिच्या बाई पुण्याच्या. २०२० च्या टाळेबंदीत पुष्कळ गायनशिक्षकांनी मोबाईलवरून शिकवणी सुरू केली, ती पद्धत पुढेही राहिली. आमची नात तशीच शिकते. दर गुरुवारी संध्याकाळी कणगीला मोबाईल टेकवायचा आणि सोप्यात मांडी घालून बसायचे.

यात एक अडचण आहे. मोबाईलवर आवाज पोचायला क्षणाचा उशीर होतो. बोलताना तो कळत नाही, पण ताल धरला की चटकन कळतो. बाई समेवर आल्या तरी पोर मागेच! म्हणून दोघींना एकदम गाता येत नाही. बाईंनी त्यावर तोड काढली. त्या एक ओळ गातात, पोर ऐकते, मग ती गाते. आठवडाभर मोबाईलमधल्या तबल्याच्या ठेक्यावर रियाज करून, ध्वनिमुद्रण करून धाडायचे. सूर कुठे उतरला ते बाई ऐकून सांगतात. मागे तर तीन गावच्या तीन मुलींनी मिळून एक बंदिश बसवली. पट्टी एक, ठेका एक. एकीने स्थायी गायली, दुसरीने अंतरा, तिसरीने पेटी वाजवली. बाईंनी तिन्ही मुद्रणे जोडली, तेव्हा तिघी एकाच खोलीत बसल्यासारख्या वाटल्या.

पण यंदा बाई म्हणाल्या, “पोरी, सूर लागतो तुझा, पण तंबोरा लावता येत नाही. बटण दाबले की जुळलेला सूर मिळतो, कानाला शोधावा लागत नाही. एकदा मिरजेला जाऊन ये.” मुलगा वैतागला. “फोनात फुकट वाजतो, तर हजारो रुपये लाकडात कशाला घालायचे?” त्याचेही खोटे नव्हते. औषध-फवारणीची उधारी डोक्यावर होती. शेवटी मीच पोरीला घेऊन एसटीत बसलो.

आधी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. १९३७ साली वारलेले थोर गवई अब्दुल करीम खाँ इथेच विसावले आहेत. तिथून सतारमेकर गल्लीत. शिकलगार मंडळी पूर्वी हत्यारांना धार लावीत. तो धंदा बसल्यावर त्यांनी वाद्ये दुरुस्त करायला आणि मग घडवायला सुरुवात केली. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

दुकानात शिरलो तर समोर वाळलेल्या भोपळ्यांची रास! मी शेतकरी माणूस, आधी तेच विचारले. “पंढरपूरकडचा माल, कडू भोपळा,” कारागीर म्हणाले. म्हणजे ज्या वाद्यावर मोठमोठे गवई गातात, त्याचे पोट आपल्यासारख्याच कुणाच्या तरी रानात वाढते. मला उगाच अभिमान वाटला.

कारागिरांनी पोरीपुढे तंबोरा ठेवला. पोरीने फोन काढला. सूर चढा की उतरा, हे काटा दाखवून सांगणारी सोय त्यात असते. ते हसून म्हणाले, “आधी कानाने लाव बेटा, मग फोनला विचार.” तिने खुंट्या पिळल्या. दोनदा चुकली, डोळ्यांत पाणी आले. मग कारागिरांनी घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला आणि तार झणझणून बोलू लागली. “हीच जवारी,” ते म्हणाले. पोरीने डोळे मिटले, खुंटी केसभर फिरवली, मणी सरकवला आणि थांबली. मग फोन पाहिला. काटा मधोमध! खर्जाची तार वाजली तेव्हा तिचा हात भोपळ्यावर होता. “आजोबा, हा पोटात वाजतो,” ती म्हणाली. फोनच्या इवल्या कर्ण्यातून खर्ज असा कुठून यायचा?

नवा तंबोरा आम्हाला परवडणारा नव्हता. एक जुना, दुरुस्त केलेला होता. द्राक्षाचे पैसे आले की नेतो, असे सांगून विसार दिला. घरी आल्यावर मुलाने विचारले, “फोन बंद करायचा का मग?” पोर म्हणाली, “नाही बाबा. बाई फोनातच आहेत.”

मंडळी, प्रत्येकाने तंबोरा घ्यावा असे मी म्हणत नाही. मोबाईलवर शिकणारे पोर घरात असेल तर त्याला खुशाल शिकू द्या. फक्त अधूनमधून गावच्या भजनी मंडळातल्या वीणेकऱ्याजवळ नेऊन बसवा. तो कानानेच वीणा लावतो. ते पाहायला पैसे पडत नाहीत.